बोथ्याची शतावरी आणि माझं बंद तोंड

धाकटी बहीण गोदी माहेरी बाळंत होऊन आठ दिवस झाले, तरी दूध काही उतरेना. पोरगं बोळ्यानं बकरीचं दूध घ्यायचं, निम्मं ओकायचं. गोदी भिंतीकडे तोंड करून रडायची. आई म्हणाली, "बोथ्याच्या जंगलातून शतावरीची ताजी मुळी आण. पुंजाजीबुवाकडूनच आणजो." मी मास्तर, शनिवारी शाळा सुटली आणि तसाच निघालो.

बुलढाण्याहून खामगावची मोटार बोथ्याला सोडते. लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून ती कोळशावर चालते. चढ आला की ती थांबते आणि आपण चालतो. भाडं देऊन वर धक्काही मारायचा! निघालात तर भाकर-ठेचा बांधून न्या, वाटेत पाण्याशिवाय काही मिळत नाही.

पुंजाजीबुवा बोथ्याचे जुने वैदू, सत्तरीचे, वाळलेले, पण भलते कडक. त्यांनी आधी वेलीला आवतन द्यायला लावलं. काटेरी वेल, पानं केसांसारखी बारीक. तिला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले आणि लग्नाचं बोलावणं करावं तसं म्हटलं, "माय, उद्या आमच्या घरी चाल. बाळंतिणीसाठी."

"आता आयक मास्तर," बुवा म्हणाले. "सकायी मुळी जमिनीतून निघाली, का तोंड बंद. घरी चुलीवर चढेपर्यंत एक शबूद काढला, तर गुण गेला."

"मी? बुवा, मी तर झोपेतही बोलतो!"

"मंग झोपू नको."

रविवारी उजाडताना लाकडी खुंटीनं खणलं, लोखंड लावायचं नाही. बोटाएवढ्या पांढऱ्या मुळ्यांचा झुपका निघाला. बुवांनी पैसे घेतले नाहीत, फक्त नारळ घेतला. आभार मानायला मी तोंड उघडलं तर त्यांनी असे डोळे वटारले की मी पळालोच.

परतीच्या मोटारीत शेजारी नेमके आमचे हेडमास्तर! "काय मास्तर, कुठून?" मी हात जोडले. "बोलत काऊन नाही? रागावलात काय?" मी नकाराची मान हलवली.

मागून एक बाई म्हणाली, "मुका हाय का हा?"

"नाई वो," तिचा नवरा म्हणाला, "माह्या पोराले शिकवते. वर्गात याचं तोंड मिटत नाई!" अख्खी मोटार हसली. धक्का मारताना कोणी तरी माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा "आई गं"सुद्धा गिळावं लागलं.

घरी पोचलो. आईनं मुळ्या घेतल्या, सोलल्या आणि पाट्यावर वाटायला बसली. गोदीनं विचारलं, "दादा, एवढा उशीर काऊन?" आता बोलायची तर सोय नाही! मी बुवांसारखे डोळे वटारून दाखवले. मोटारीचा धूर, धक्का, हेडमास्तरांच्या फुरफुरणाऱ्या मिशा, सगळं हातवारे करून दाखवलं. गोदी बघतच राहिली आणि मग खदखदून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"आई, थांबव याले! पोट दुखून राह्यलं माहं!"

हसता हसता ती एकदम थांबली. तिची चोळी ओली झाली होती. तिनं घाईनं पोराला जवळ घेतलं. खोलीत त्याच्या घोटांचा आवाज ऐकू यायला लागला.

मुळ्या अजून पाट्यावरच होत्या. पुढे महिनाभर गोदीनं शतावरी दुधात उकळून घेतली आणि पोरगं गुबगुबीत झालं. पण त्या दिवशीचा गुण नक्की कोणाचा, हे बुवांना विचारायची माझी अजून हिंमत नाही.

पोरगं दूध प्यायला लागलं त्या क्षणी मात्र मी आनंदानं ओरडणारच होतो. आईनं वाटणाचा हात वर केला. "गप! अजून चुलीवर चढली नाई."

मी ओठ दाबून धरले. डोळ्यांना मात्र कोणी मनाई केली नव्हती.