खिडकीकडचा गाल

कर्वेनगरातलं हे घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, बैठकीच्या खोलीत ऊन येत नाही. खिडकी उत्तरेकडे आहे. मी म्हटलं, ऊन नकोच आहे, उजेड हवाय. दोन्हींत फरक असतो हे पुण्यात कुणाला पटवायच्या भानगडीत मी पडत नाही. आता त्याच खिडकीशी बाक टाकून मी नवराबायकोंचे फोटो काढते, आणि ऊन नाही म्हणणारेच मुलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला माझी वेळ मागतात.

पंचविशीतली मी या खिडकीला हसले असते. ती बाई फार हुशार होती. तिचा स्वतःचा स्टुडिओ होता, दिवे होते, दिव्यांना पांढऱ्या छत्र्या होत्या, मागे रंगवलेलं तळं होतं. नवऱ्याची हनुवटी ती दोन बोटांनी अशी वळवायची, जणू मंडईत पेरू पारखतेय. कंडक्टर 'पुढे सरका' म्हणतो त्या आवाजात ती 'हसा' म्हणायची, आणि लोक सरकल्यासारखे हसायचे. गुरुवारी वीज गेली की ती कुलूप लावून घरी जायची, कारण तिच्या मते उजेड तारेतून येतो. एका गुरुवारी एक जोडपं उठायलाच तयार होईना, त्यांची संध्याकाळची गाडी होती. तिने चिडून त्यांना दाराशेजारच्या खिडकीपाशी बसवलं, कसा येतो ते बघाच म्हणून. तो तिचा त्या वर्षातला सगळ्यात चांगला फोटो निघाला. त्याचं श्रेय तिने लेन्सला दिलं.

असो. आता माझ्याकडे बाक आहे, खिडकी आहे आणि एक प्रश्न आहे: सकाळी कशावरून भांडलात? आम्ही भांडत नाही, असं दोघंही सांगतात, आणि दोन मिनिटांत माझा त्यांना विसर पडतो. मग मी फोटो काढते.

बायको नवऱ्याच्या डावीकडे बसते. परदेशात नोकरी करून आलेली पोरंसुद्धा न सांगता तशीच बसतात. मी त्यात ढवळाढवळ करत नाही, बाक फिरवते. त्याचं तोंड एका भिंतीकडे केलं की खिडकी बायकोच्या बाजूला येते, उलट केलं की नवऱ्याच्या. खिडकीकडे जो बसतो तो उजळतो. दुसरा सावलीत जातो.

मागच्या दिवाळीनंतर कात्रजच्या पुढच्या एका गावातून, म्हणजे आता शहरातूनच म्हणायचं, एका सुनेचा फोन आला. सासूसासऱ्यांचा फोटो हवा होता. सासूबाईंच्या डाव्या गालावर कोड आहे, म्हणाली, त्यामुळे त्या आयुष्यात कधी फोटोत आल्या नाहीत. मुलाच्या लग्नातसुद्धा कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात जायच्या. शेताच्या जागी इमारत झाली, नवा फ्लॅट मिळाला, हॉलच्या भिंतीवर सगळं घर लागलं, त्या सोडून. सासऱ्यांनी हट्ट धरलाय म्हणून एकदा बसायला तयार झाल्यात.

"आज्जी, प्लीज, तो गाल दिसायला नको. दिसला तर त्या परत कधी बसणार नाहीत."

मी म्हटलं, काळजी सोड, तो गाल कुणाच्या बापाला दिसणार नाही. आणि बाक फिरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. म्हातारा टोपी, कोट घालून ऐटीत बसला. ती त्याच्या डावीकडे बसली, पदर गालावरून ओढून हनुवटीखाली घट्ट धरलेला. मी तिला सांगितलं, पदर सोडा, मी बाकच असं फिरवलंय की त्या बाजूला अंधार येईल. सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता. तिने पदर सोडला. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर म्हाताऱ्याला दाखवला. सुरेख आला होता. त्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यो तर माझाच फोटू हाय. ही कुटं हाय?"

मी समजावू लागले, की ते मुद्दाम केलंय, तसंच हवं होतं. कुणाला हवं होतं, असं त्याने विचारलं. सून खिडकीबाहेर बघायला लागली. मीही बघितलं असतं, पण कॅमेरा माझ्या हातात होता.

म्हातारी उठून आली. तिने सुनेकडे एकदा पाहिलं, रागाने नव्हे. सून पुटपुटली, आई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. कॅमेरा लांब धरून म्हातारीने फोटो बघितला. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं कुंकू, पुढे काळोख.

"तोंड धुताना दोन्ही गाल धुते मी," ती मला म्हणाली. "फिरवा ते बाक."

सुनेने आणि मी बाक फिरवलं. आता खिडकी तिच्या बाजूला आली. ती बसली खरी, पण बसल्याबरोबर तिचा हात पदराकडे गेला आणि काठ धरून तिथेच थांबला. पंचविशीतल्या हुशार बाईने हुकूम सोडला असता, हात खाली. मी माझा प्रश्न विचारला.

"आमी न्हाई भांडत," म्हातारा म्हणाला.

"न्हाई कसं?" ती सगळीच्या सगळी त्याच्याकडे वळली. "सकाळी दुधाकडं बघा म्हणलं, तर हे बसलं बघत. उतू गेलं तरी बघत्यात. हाक तरी मारायची का न्हाई माणसानं?"

हे सांगायला तिला हातवारे लागत होते, म्हणून पदर सुटला. डावा गाल पुरा माझ्याकडे आणि खिडकीकडे होता. पांढरा डाग कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, त्याच्या कडा स्वच्छ, आणि त्यावर तोच उजेड जो कपाळावर होता. म्हाताऱ्याची बाजू लंगडी होती, तरी तो मजेत ऐकत होता. मी बटण दाबलं.

कॅमेरा मी आधी तिच्याच हातात दिला. सून श्वास धरून उभी होती. खोटं कशाला, मीही. म्हातारीने बघितलं, जवळ आणून पुन्हा बघितलं.

"नाक केवढं आलंय ह्यांचं," ती म्हणाली.

मग म्हणाली, मोठा करून द्या, हॉलात लावायचाय. केवढा मोठा, मी विचारलं. तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि हात अजून थोडे लांब केले.