पर्समधला कॉम्प्युटर

घरात नवी वस्तू आली की तिच्यात खोट कुठं असेल, हे मी आधी शोधते. स्वभावच तसा. मिक्सर आणला तेव्हा पहिले पंधरा दिवस मी वाटीनं मापून दाणे टाकायची आणि कूट परत मापून बघायची, आणि दर वेळी मला ते कमीच भरल्यासारखं वाटायचं. टेपरेकॉर्डर घ्यायला नांदेडला गेलो, तेव्हा दुकानातच मी त्यावर स्वतःचा आवाज भरून ऐकला आणि हा माझा आवाजच नाही म्हणून दुकानदाराशी अर्धा तास भांडले. आमच्या यजमानांना वस्तू आणायची हौस आणि मला त्या उलटसुलट करून तपासायची. ते म्हणायचे, "तू त देवाच्या मूर्तीचीबी पावती मांगशीन."

फ्लॉपी मात्र मी माझ्या हौसेनं आणली. नव्वदीची मधली वर्षं असतील. तेव्हाच्या आंध्रातल्या मुधोळच्या पुढच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. आमच्याकडं घरात मराठी, दुकानाच्या पाट्यांवर तेलुगू. गावातल्या छापखान्यात खिळे तेलुगूचे, त्यामुळं परीक्षेचे पेपर आम्ही स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं हातानं कोरायचो आणि सायक्लोस्टाईल करायचो. अर्धी अक्षरं उठायची, अर्धी पोरांनी ओळखायची. शेवटी हेडमास्तरांनीच मला उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेडला कॉम्प्युटर शिकायला धाडलं. त्यांच्या वडलांची नोकरी निजामाच्या कचेरीत झालेली, तिथली उर्दू त्यांच्याही तोंडात होती. म्हणाले, "मॅडम, तुमी शिकून या. हातानं कोरायचा जमाना बरखास्त झाला."

नांदेडला मला एकच गोष्ट मनापासून आवडली. तीन फ्लॉप्यांमध्ये आपला सगळा कॉम्प्युटर मावतो, ही. पहिल्या फ्लॉपीनं यंत्र सुरू करायचं, दुसरीत मराठी अक्षरं, तिसरीत आपलं लिहिलेलं. कोणाचंही यंत्र असो, आपल्या फ्लॉप्या घालायच्या, काम करायचं, आणि उठताना सगळं बरोबर घेऊन यायचं. त्या यंत्राच्या पोटात आपलं एक अक्षर मागं राहत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं पर्समध्ये. ज्याचा कोणावरच भरवसा नाही अशा माणसासाठीच ही सोय काढली असावी, असं मला वाटलं. दहा फ्लॉप्यांचा डबा घेतला आणि दहाच्या दहा दुकानदाराकडून चालवून बघितल्या. सातवीनंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

गावात कॉम्प्युटर सेंटर एकच. खाली मालकाचं बी-बियाण्यांचं दुकान, वरच्या खोलीत दोन यंत्रं आणि एक प्रिंटर. ते सगळं एक बाई चालवायची. माझ्याच वयाची, तेलुगू घरातली, निजामाबादला शिकून आलेली. नवरा दुबईला गेलेला, त्याचं पत्र क्वचित यायचं. दोन पोरं आणि म्हातारी आई यांचं घर ह्या नोकरीवर चालायचं. हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि मी मनात म्हटलं, न विचारता ही एवढं सांगून काऊन राह्यली?

माझं वागणं आता आठवलं की लाज वाटते. मी गेले की तिला खुर्चीवरून उठवायची. पडदा अंगानं झाकून टाईप करायची. निघताना यंत्राच्या पोटात काही राहिलं का, हे दोनदा तपासायची. तिनं चहा मागवला तर वाटायचं, चहा काऊन? नाही मागवला तर वाटायचं, आज कशी विसरली? पुढं पुढं ती मी आले की स्वतःच उठायची. "मॅडम, तुमी बसा, मी तिकडं बसते," म्हणून जिन्याच्या पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून बसायची. चोराच्या मनात चांदणं, असंही मी मनात म्हणून घेतलं.

दहावीची प्रीफायनल आली. बोर्डाच्या परीक्षेआधीची ही आमची शाळेचीच परीक्षा, पण तिचे मार्क बघूनच आईबाप पोरींना पुढं शिकवायचं की नाही ते ठरवायचे. मराठीचा पेपर माझा होता. निबंधाला मी विषय दिला होता, 'मी पाहिलेली जत्रा'. प्रिंटरची शाईची रिबन काढून ठेवायची आणि त्यात स्टेन्सिल घालायचं, म्हणजे प्रिंटरच्या सुया त्या मेणाच्या कागदावर नुसती भोकं पाडून अक्षरं कोरतात, शाई लागत नाही. त्या दिवशी स्टेन्सिल तिरकं सरकलं. ओळी चढण चढू लागल्या. शेवटच्या निबंधापर्यंत तसंच कोरलं गेलं, मग मी ते ओढून काढलं. दुसरं घालायच्या आधी मनात आलं, जत्रा प्रत्येक गाईडमध्ये असते, पोरं पाठ करून येतील. म्हणून तिथल्या तिथं 'जत्रा' पुसून 'बाजार' केला, फ्लॉपीत तेवढाच ठेवला आणि नवं स्टेन्सिल काढलं. ते झकास आलं.

वाया गेलेलं स्टेन्सिल सेंटरच्या टोपलीत टाकायला मी काय वेडी होते? घडी करून पर्समध्ये घातलं. सकाळी चुलीत घालू म्हणून घरी कपाटावर, जुन्या पेपरांखाली ठेवून दिलं.

पेपरच्या दिवशी घंटेआधी पाण्याच्या माठापाशी दोन पोरी बोलताना मी ऐकल्या. एक म्हणत होती, "सगळा पेपर मले मालूम हाय." मला बघून दोघी पळाल्या. दुपारपर्यंत शाळाभर झालं, मराठीचा पेपर फुटला. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, "पेपर कुठं कुठं गेला होता?"

मी पापणीही लवू दिली नाही. म्हटलं, "फ्लॉपी माझ्याजवळून हलली नाही सर. पण यंत्र तिचं आहे. ती बाई मला पहिल्यापासून बरी वाटत नव्हती."

पुरावा काय, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही तो स्वतःला विचारला नाही. हेडमास्तरांनी सेंटरच्या मालकाला बोलावून घेतलं. शाळेचं काम जाईल या भीतीनं मालक तसाच परत गेला आणि बियाणं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणाला, "कल से मत आना. चोरों का काम नहीं यहाँ." हे मला शिपायानं येऊन सांगितलं. मला बरं वाटलं. बघा, मी म्हणतच होते, असं वाटून बरं वाटलं. ते वाटलं होतं, म्हणून लिहिते.

मग मी पेपर तपासायला बसले. एकाच गल्लीतल्या चार पोरींची उत्तरं फारच सरळसोट होती. त्यातल्या एकीचा निबंध उघडला. वर लिहिलं होतं 'मी पाहिलेली जत्रा', ते खोडून खाली 'मी पाहिलेला बाजार'. आणि त्या बाजारात लोक नारळ फोडत होते, पालखी निघाली होती, आणि भाजीवाल्यांच्या मधोमध पाळणे फिरत होते. मला आधी हसू फुटलं. दुसरीच्या बाजारातही पालखी निघाली, तेव्हा मी लाल पेन खाली ठेवला.

जत्रा त्या पेपरात नव्हतीच. फ्लॉपीत नव्हती, सेंटरच्या यंत्रात नव्हती, वर्गात वाटलेल्या कागदावर नव्हती. जत्रा होती फक्त त्या तिरक्या स्टेन्सिलवर, आणि ते मी माझ्या हातानं घरी आणलं होतं.

कपाटावर पेपर होते, स्टेन्सिल नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, वर पेपराखाली एक निळा कागद होता, बघितला का?"

"तो मेनकागद? तो त मी लाडवाले घेतला."

"कोणत्या लाडवाला?"

"गल्लीच्या त्या कोपऱ्यातल्या घरी संक्रांतीले सुतक होतं ना? फिटलं तसे तिळाचे लाडू धाडले, रथसप्तमीच्या आंदी. गुळाचे लाडू पेपराले चिकटतेत वं. याच्यावरून पाहा कसे सुटसुट निंगाले! काऊन, तुया कामाचा होता का?"

त्या कोपऱ्यातल्या घरची पोरगी माझ्याच वर्गात, दहावीला. लाडू खाल्ल्यावर तो कागद तिनं खिडकीशी धरला असेल. उजेडात भोकांची अक्षरं लख्ख दिसतात. खाली माझ्या विषयाचं नाव, वर शाळेचं. मैत्रिणींना सांगितल्याशिवाय कोणती पोर राहील? मला तिचा राग आला नाही. घरात आलेली प्रत्येक वस्तू तपासणारी मी, घरातून बाहेर काय जातं हे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

तरी तीन दिवस मी गप्प बसले. आत्याबाईंचं नाव गावात होईल, माझं हसं होईल, शाळेतली माझी पत जाईल, हेच डोक्यात. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता सांगून काय फायदा? त्या बाईले दुसरं काम भेटून जाईन." मला ते ऐकायचंच होतं, म्हणून ते मला पटलं.

चौथ्या दिवशी ती शाळेत आली. आपल्यावर नेमका काय आरोप ठेवलाय ते हेडमास्तरांना विचारायला आली होती. व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासून बसून होती, आत कोणी बोलावलं नव्हतं. मी वर्गाकडं निघाले होते. मला बघून ती उठून उभी राहिली. "नमस्ते मॅडम," म्हणाली. हिनं शिव्या दिल्या असत्या तर मी निघून गेले असते. ती उठून उभी राहिली, ते मला सहन झालं नाही. तिचा हात धरून मी तिला आत नेलं.

आत हेडमास्तर होते, दोन शिक्षक होते, आणि बिल घेऊन आलेला सेंटरचा मालकही योगायोगानं तिथंच होता. मी उभ्यानं सगळं सांगितलं. तिरकं स्टेन्सिल, पेपराखालची जागा, मेणकागद, लाडू. चूक माझी, ह्या बाईनं कशालाही हात लावलेला नाही, असं स्वच्छ म्हणाले. 

 मग हेडमास्तरांचं पोट हलू लागलं. "म्हंजे तुमच्या आत्याबाईनं पेपर तिळगुळासंगं वाटला! तिळगूळ घ्या अन् पेपर घ्या!" सगळी खोली हसू लागली. एका शिक्षकानं टेबलावर हात आपटला. मालक म्हणाला, "क्या मॅडम, सासूमाँ ने फोड़ दिया पेपर!" मीही हसले. सुटले एकदाची, म्हणून हसले. हेडमास्तर डोळे पुसत मालकाला म्हणाले, "बाईले कामावर घ्या बरं परत, मुआमला खतम." मालक म्हणाला, "हाँ हाँ, कल से आ जाओ." आणि पुन्हा कोणीतरी लाडू म्हणालं आणि पुन्हा हसू उसळलं.

ती दाराशीच उभी होती. आम्ही थांबेपर्यंत ती थांबली. मग शब्द जुळवत, हळू मराठीत माझ्याकडं बघून म्हणाली,

"मॅडम, मला चोर म्हटलं, त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं."