पायाखालचं लिंबू

जालन्याच्या एमआयडीसीत माझ्या वजनकाट्याशेजारच्या यार्डात एक फिटर आहे. ओढणारा ट्रक सुटला की ट्रेलर ज्या दोन लोखंडी पायांवर टेकतो, ते पाय तो दांडा फिरवून उतरवायचा आणि त्यांच्याशी बोलायचा. "हळू माय. थांब जराशी." हात थांबला की पाय थांबे. पाय आपलं ऐकतो, असंच त्याला वाटे.

परवा दांड्याऐवजी बटणानं, मोटारीवर चालणारे पाय आले. यार्डाच्या मालकांनी हार, नारळ, फोटोवाला असा लग्नाचा थाट मांडला. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं यानं पायाखाली लिंबू ठेवलं. मालकांनी बटण दाबलं. पाय उतरू लागला आणि लिंबू घरंगळलं. ते नीट ठेवायला यानं हातमोज्यासकट हात खाली घातला.

"थांब जराशी," तो पायाला म्हणाला.

पाय थांबला नाही. त्याखालून त्याच्या हातमोज्याची बोटं बाहेर दिसत होती. हात आतच आहे असं समजून आम्ही गोठलो. फोटोवाला मात्र फोटो काढतच होता.

फिटर मागे बसला होता, मोज्यातून निसटलेला उघडा हात छातीशी धरून. पाचही बोटं शाबूत होती.

"मालक," त्यानं विचारलं, "लिंबू फुटलं ना बराबर?"