हिरव्या मोटारीचं दुखणं

नागपुरात त्या काळी मोटारी बऱ्यापैकी होत्या आणि मोटारींबद्दल बोलणारे तर त्याहून कितीतरी जास्त होते. पण मोटारीच्या पोटात काय बिघडलंय हे नुसत्या नाकानं, कानानं आणि जिभेनं सांगणारं माणूस सबंध शहरात एकच होतं. ते माणूस म्हणजे धंतोलीतल्या आमच्या घरमालकीणबाई. मी त्यांच्या अंगणाकडच्या दोन खोल्यांत चार वर्षं राहिलो. त्या चार वर्षांत मी जो चहा प्यायलो त्याला पेट्रोलचा वास होता, जी पोळी खाल्ली तिला पेट्रोलचा वास होता, आणि दिवाळीत त्यांनी प्रेमानं पाठवलेल्या अनारशांनाही तोच वास होता. पुढं दुसऱ्या गावी गेल्यावर कित्येक दिवस मला साध्या चहात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं सुती दोरा कानामागं गुंडाळलेला. माहेर उमरेडचं, विणकरांचं. यजमान सडका बांधणारे ओव्हरसियर होते. त्यांचा इंग्रज साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा आपली दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची हिरवी शर्यतीची मोटार यांच्या दारात सोडून गेला. यजमानांना मोटार चालवण्याची भारी हौस, पण ती बंद पडली की ते शांतपणे झाडाच्या सावलीत जाऊन बिडी पेटवत. बोनेट उघडायचं काम बाईंकडं. त्यामुळं यजमान वारल्यावर बाईंना फक्त चालवायलाच शिकावं लागलं. दुरुस्ती त्या सौभाग्यवती असतानाच शिकून बसल्या होत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात मोटारीचे भाग आणि मोटारीत स्वयंपाकघरातल्या वस्तू असा उभयपक्षी व्यवहार चाले. कार्बोरेटरच्या बारीक तोट्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीशेजारच्या वाटीत ठेवलेल्या असत. पेट्रोल धुवट मलमलच्या चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत जात नसे. टाकीत किती पेट्रोल उरलंय ते पाहायला वडिलांच्या मागाच्या फणीतली एक बांबूची काडी होती. तिच्यावर त्यांनी विळ्यानं खुणा केल्या होत्या. टाकीचं मूळ झाकण कुठंतरी पडून हरवलं, तर इतवारीतल्या तांबटाकडून त्यांनी जाड पितळेचं नवं घडवून घेतलं होतं. दर शुक्रवारी देवाची समई, ताम्हन, पळी आणि हे झाकण अशी चार भांडी चिंच लावून घासली जात आणि ओळीनं उन्हात वाळत पडत. एकदा पाहुण्या आलेल्या एका बाईंनी त्या झाकणाला भाबडेपणानं हळदकुंकू वाहिलं. घरमालकीणबाईंनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, "राहू द्या जी. गाडीचंबी काही वाईट नाही होणार."

पेट्रोलची परीक्षा त्या तळहातावर घेत. थेंब टाकायचा, फुंकर मारायची आणि हात नाकाशी न्यायचा. खरं पेट्रोल उडून जातं आणि हात थंड पडतो. घासलेट मिसळलेलं असलं तर चिकट डाग राहतो. एका पंपवाल्यानं तसा उद्योग केला तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही. ते पेट्रोल परत बाटलीत ओतून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे कंदिलात घाला जी, माह्या गाडीले अजून रातचं दिसते." नळी तुंबली की तिचं एक टोक तोंडात धरून त्या अशी जोरात फुंकर मारत की टाकीतून बुडबुड्यांचा आवाज यायचा. मग चूळ भरून गुळाचा खडा तोंडात टाकायचा की संपलं.

त्या मोटारीला पेट्रोल ओढणारा विजेचा पंप होता आणि किल्ली फिरवली की तो टिकटिक करायचा. ही टिकटिक बाईंना शब्दांसारखी कळे. "भरभर बोलला तं समजा हवा खाऊन राहिला. चार बोल बोलून चूप बसला तं पोट भरलं. अन् रडत रडत, थांबून थांबून बोलला, तं मागून काही येऊन नाही राहिलं." मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत असे, त्यामुळं त्यांना माझ्या विद्वत्तेबद्दल गैरसमज होता. प्रत्येक बिघाडाला त्या मला बोलावून माझं मत विचारत, ते आदरानं पूर्ण ऐकून घेत आणि नेमकं उलट करत.

पण एका वर्षी त्या मोटारीला असं दुखणं लागलं की बाईंचं नाक, कान, जीभ तिन्ही हरली. मोटार चालता चालता खोकायची, अडखळायची आणि बंद पडायची. कधी दहा मैलांवर, कधी तीस मैलांवर. एकदा कामठीहून येताना, एकदा बुटीबोरीच्या अलीकडं. बाई उतरत, काडी बुडवून पेट्रोल पाहत, बोनेट उघडून तोट्या साफ करत, नळी फुंकत, आणि मोटार जणू काही झालंच नाही अशी चालू होई. अंगणात आणून सगळं तपासलं. पंपाची नळी सोडून पेट्रोल गडव्यात घेतलं, तर धार कशी? "म्हशीच्या धारेवानी हाये जी!" कुठंच दोष नाही. मी उन्हामुळं नळीत पेट्रोलची वाफ होत असावी असं सुचवलं. बाईंनी नळीला ओली चिंधी गुंडाळली. मोटार ओल्या चिंधीसकट बंद पडली.

तिसऱ्यांदा ती बंद पडली तेव्हा शेजारच्या जागेवर त्यांचे धाकटे दीर होते. हे दीर वकील, शेजारच्याच घरात राहत. उमरेडच्या कोर्टात त्यांची महत्त्वाची तारीख होती आणि वहिनीनं आग्रहानं त्यांना मोटारीतून न्यायचं ठरवलं होतं. कोर्ट दोन मैलांवर असताना मोटार थांबली. वकीलसाहेब काळा कोट हातावर टाकून तरातरा चालत निघाले. पंधरा मिनिटांत दुरुस्त झालेली मोटार घेऊन बाई त्यांच्या शेजारी येऊन पोचल्या, "बसा ना भाऊजी" म्हणून विनवू लागल्या. भाऊजी बसले नाहीत. पुढं दीर पायी आणि मागं तितक्याच गतीनं हिरवी मोटार अशी ती मिरवणूक कोर्टाच्या दारापर्यंत गेली. साऱ्या उमरेडनं ती पाहिली.

त्या संध्याकाळी अंगणात वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, जबलपूरचा एक ठेकेदार गाडी मागून राहिला. मी होकार कळवतो. तुम्ही एकट्या कुठं अडकून पडल्या तर वर गेल्यावर मी दादाले काय तोंड दाखवू?"

त्यात राग नव्हता. बाईंनी पदराच्या टोकानं हातावरचं काळं पुसलं. मग म्हणाल्या, "रविवारी भिवापूरले जाऊन मिरच्या घेऊन येते. मधात कुठं बंद पडली तं द्या पाठवून. मास्तर संग येतील, ते खोटं नाही बोलत."

मी खोटं बोलत नाही हे मला त्याच वेळी कळलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. उमरेडपर्यंत मोटार अशी धावली की मला माझे केस पुन्हा सापडतील की नाही अशी शंका आली. तिथं बाईंच्या भावाच्या घरी चहा झाला. बाईंनी सोबतच्या डब्यातलं पेट्रोल गाळून टाकी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि आम्ही भिवापूरची वाट धरली. पाच-सहा मैल गेलो असू. मोटार खोकली. अडखळली. एका मैलाच्या दगडाजवळ येऊन उभी राहिली.

बाई खाली उतरल्या नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर पाहत राहिल्या. मग किल्ली फिरवून त्यांनी पंप ऐकला. तो थांबून थांबून, रडवेला बोलत होता. खाली उतरून तोट्या पाहिल्या, साफ. नळी फुंकायला घेतली तर फुंकर नीट जाईना. वीस मिनिटं झाली, तरी पंप तसाच. दर वेळी तर तो एवढ्यात सुरू व्हायचा.

बाई त्या दगडावर जाऊन बसल्या. "मास्तर, आज वेगळं काय केलं जी आपण?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"काही तं केलं, नाहीतर काही राहिलं." आणि तुटलेला धागा शोधावा तसं त्या एकेक आठवू लागल्या. "कामठीले काय केलं? उतरली, काडी बुडवली, बोनेट उघडलं. बुटीबोरीले? उतरली, काडी बुडवली, बोनेट उघडलं. भाऊजी व्हते तवा? काडी बुडवली..." त्या थांबल्या. "आज काडी नाही बुडवली. टाकी भरूनच तं आणली, काहून बुडवू?"

त्या उठल्या. मोटारीच्या मागं जाऊन झाकणाला कान लावला आणि ते अगदी हळूहळू फिरवलं. टाकीनं 'फुस्स्स' करून एवढा मोठा श्वास आत घेतला की तो मलाही ऐकू आला. लगेच पुढं पंप आनंदानं चार बोल बोलला आणि पोट भरल्यासारखा चूप बसला.

"अगं माय!" बाई म्हणाल्या. झाकण उलटं करून त्यांनी उन्हात धरलं. हवा आत जावी म्हणून तांबटानं मधोमध पाडलेलं बारीक भोक वाळलेल्या चिंचेनं गच्च बुजलं होतं. शुक्रवारमागून शुक्रवार त्यांनी स्वतःच्या हातानं ते भरलं होतं. पेट्रोल बाहेर जाई तशी आत हवा शिरत नव्हती, आणि पंपानं कितीही ओढलं तरी टाकी पेट्रोल सोडत नव्हती. आज टाकी काठोकाठ, आत हवा जेमतेम, म्हणून दुखणं लवकर आलं. ही शेवटची दोन वाक्यं मी मोठ्या उत्साहानं त्यांना समजावून सांगितली. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल का येत नाही, हा धडा मी दर वर्षी नववीला शिकवतो हेही सांगितलं.

बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "दर वर्षी शिकवता जी?"

"हो."

"मंग यंदा जरा लवकर शिकवायचा व्हता."

बाभळीच्या काट्यानं त्यांनी भोक मोकळं केलं आणि दगडावर टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नसावं. मग आम्ही भिवापूरला गेलो, मिरच्या घेतल्या, आणि ऊन उतरायच्या आत धंतोलीत परत आलो.

वकीलसाहेब फाटकातच उभे होते. मी काय बोलावं या विचारात होतो तोवर बाईच म्हणाल्या, "बंद पडली भाऊजी, एक बार. ठेकेदाराले कळवा. पण दोष तिचा नाही, माह्या हाताचा व्हता, हेबी कळवा." आणि सगळी हकिगत जशीच्या तशी सांगितली.

वकीलसाहेबांनी झाकण हातात घेतलं, डोळ्याशी धरून त्या भोकातून पलीकडं पाहिलं. "अडकून पडण्याचं कारण आता राहिलं नाही म्हणता?"

"नाही जी."

"मग इकायचंबी कारण राहिलं नाही," ते म्हणाले आणि मिरच्यांचं पोतं स्वतः उचलून आत घेऊन गेले. पुढच्या तारखेला ते उमरेडला त्याच मोटारीतून गेले.

नंतर मला पुण्याकडं नोकरी मिळाली. बाईंनीच मला स्टेशनवर सोडलं. वाटेत त्या मोटारीशी बोलल्या, माझ्याशी फारसं नाही. त्यांची पत्रं मात्र येत राहिली, पोस्टकार्डावर, कुशल दोन ओळींत आणि बाकी सगळा पंप, तोट्या आणि टायर. काही वर्षांनी एक कार्ड आलं त्यात अक्षर निराळं होतं. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून उमरेडची भाची राहायला आली आहे, मोटार आता तीच चालवते, पोरीचा हात चांगला आहे, असं बाईंनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं. मी काळजीनं उलट टपाली विचारलं, तुम्हाला जड नाही का जात?

उत्तर आलं ते एवढंच: "मी आता बाजूले बसते. इतके वर्षं आवाजाकडं ध्यान असे, रस्ता पाहाचा राहूनच गेला. लई झाडं हायेत जी उमरेडच्या वाटेवर. पोरीले म्हणलं, जरा हळू घे."