बांधावरच्या चपला

बांधापाशी काकांनी चपला काढल्या. शेतात उतरताना आमच्याकडे सगळेच काढतात. बिल्डरचा माणूस मात्र बुटांसकट उभ्या ज्वारीत शिरला. टेकडीवरच्या बंगल्यांसाठी त्याला आमच्या रानातून डांबरी रस्ता हवा होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहीचा कागद परत केला.

"चालत जायचं तर खुशाल जा. या बांधावरून अख्खं गाव जातं. पण रान चिरून रस्ता मिळायचा नाही."

तो गेला. बुटांखाली आडवी झालेली ताटं काका सावकाश उभी करू लागले. ज्याने जन्मभर कुणाची वाट अडवली नाही, त्याच्या नकाराला केवढं वजन असतं!

त्यांच्या मदतीला वाकलो, तेव्हा माझं लक्ष पायांकडे गेलं. इतकी वर्षं शहरात काढूनही मी अनवाणीच होतो. माझ्या चपला बांधावर, काकांच्या चपलांशेजारी होत्या. कधी काढल्या, मलाही कळलं नव्हतं.