रिकाम्या डब्याची पोच

मिलिंद गेल्याचा फोन त्याच्या घरमालकांचा आला, तेव्हा मी कामासाठी कळमनुरीला गेलो होतो. तसाच हिंगोलीला त्याच्या खोलीवर पोचलो. दुपारी जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. उशाशी साखऱ्याहून, त्याच्या गावाहून, एसटीनं आलेला डबा, न उघडलेला...

आमची दोस्ती शाळेपासूनची. तो हिंगोलीला शिकायला आला तेव्हापासून त्याची माय गावाहून एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत आला, की लेकरू जेवलं असं ती समजायची. तोवर फाट्यावरून हलायची नाही. पुढे नोकरी लागली तरी डबा सुटला नाही; आम्ही त्याला भरपूर चिडवायचो.

नोकरी आम्हा दोघांचीही तालुक्यांच्या केंद्रांतले संगणक सांभाळायची. संगणक आपल्यात काय घडलं, काय बिघडलं याच्या नोंदी करत असतो. त्या नोंदी फोनच्या लाइनवरून हिंगोलीच्या मुख्य संगणकाकडे यायच्या. लाइन मध्येच जायची, नोंदी हरवायच्या आणि पाठवणाऱ्या संगणकाला त्याचा पत्ताही नसायचा. म्हणून मिलिंदनं नवा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, बांधायला घेतला. त्यापुढे त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मुख्य नियम असा, की नोंद मिळाल्याची पोच आल्याशिवाय पाठवणाऱ्यानं ती पुसायची नाही.

“अन् पोच आलीच न्हाई तर?” मी विचारलं.

“थांबायचं. माझी माय काय करून राहिली इतकी वर्षं?”

चाचणी औंढ्याला झाली. लाइन गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. नोंदी साठत गेल्या, जागा संपली आणि अख्खं केंद्र ठप्प. साहेब म्हणाले, जुन्या नोंदी पुसायची सोय कर. हा हट्टाला पेटला. “मंग पोचीला अर्थ काय राहिला?” योजना गुंडाळली गेली. त्यानंतर तो बोलेनासाच झाला. फार वाईट वाटतं... त्याचं काम आता कुणी हाती घेईल असंही वाटत नाही.

अंत्यविधीनंतर माय माझा हात धरून म्हणाली, “बाबा, डबा तेवढा गाडीनं लावून दे.”

डबा घासूनपुसून ठेवलाय. साखऱ्याच्या गाडीची वेळ झाली की पिशवीत घालून स्टँडवर जातो. पण रिकामा डबा म्हणजे लेकरू जेवलं; हा तर त्यानं उघडलाच नव्हता. तो तिच्या हातात पडला तर...? परवा ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, “माय फाट्यावर येऊन बसती, सर. डबा आला का म्हन्ती. काय सांगू?”

गाडी सुटली. मी डबा घेऊन परत आलो.