टिंडेलच्या मनोऱ्यावर केतकीसोबत

ईशाला सोमवारी शाळेत सोळाव्या शतकातल्या विल्यम टिंडेलवर पाच मिनिटं बोलायचं होतं, म्हणून रविवारची ग्लॉस्टरशरची सहल ठरली. ईशा माझ्या घरमालकीण मीनलताईंची सात वर्षांची मुलगी, जन्म इथलाच, इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचा. "तूच तिला समजावून सांग," ताई म्हणाल्या. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. मी आठवडाभर लायब्ररीत बसून वहीभर टिपणं काढली.

शनिवारी कळलं, केतकीही येतेय. केतकी माझ्याच ऑफिसातली, पुण्याची, गोष्टी रंगवण्यात पटाईत.

टिंडेलचा मनोरा असलेलं नॉर्थ निबली गाव एम-फोर महामार्गाने दोन तासांवर. ताई गाडी चालवत होत्या; त्यांच्याशेजारी बसून मी वही उघडली. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू. आम्ही शाळेत चरित्र असंच लिहायचो. मी शिक्षणापर्यंत पोचले, तोवर ईशा मेंढ्या मोजू लागली होती.

मागे तिच्याशेजारी बसलेली केतकी वळली. "ईशा, समज तुझं आवडतं पुस्तक फक्त लॅटिनमध्ये आहे आणि इंग्लिशमध्ये आणायला चर्चची बंदी. काय करशील?"

"गुपचूप आणेन."

"त्यानं तेच केलं. परदेशात जाऊन बायबलचं भाषांतर केलं, छापलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून बोटीनं इकडे पाठवलं."

"मग?"

"पकडला गेला. जीव घेतला त्याचा."

हे सगळं माझ्या वहीत होतं. नवव्या पानावर.

मनोरा गावामागच्या टेकडीवर आहे. तिकीट नाही, पण आम्हाला दाराची किल्ली गावातल्या दुकानातून आणावी लागली. चढ चिखलाचा, चांगले बूट घाला; आतला जिना अंधारा, टॉर्च न्या. ताई खाली गाडीतच थांबल्या. ईशा केतकीचा हात धरून चढली. टॉर्च माझ्याकडे होता, तरी.

वर वारा आणि लांबवर सेव्हर्न नदी. डब्यातली थालीपिठं काढली तेव्हा ईशा म्हणाली, "पण प्रीस्ट रीड करून दाखवायचा ना सगळ्यांना? मग व्हाय बॉदर?"

केतकीनं माझ्याकडे बघितलं.

"माझ्या आईला वाचता येत नाही," मी म्हणाले. "माझी पत्रं शेजारच्या कुसुमकाकू वाचून दाखवतात. हॉस्टेलवर मला टायफॉइड झाला, ती ओळ त्यांनी गाळली. आईला काळजी नको म्हणून. तिला महिन्यानं कळलं."

"दॅट्स मीन."

"काकू चांगल्या आहेत गं. पण पत्र आईचं होतं ना?"

ईशानं थालीपीठ खाली ठेवलं. परतताना ती माझ्याशेजारी बसली. मी खूश होते, लपवत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. ईशा धावत आली. "टीचरला लेटरचा गोष्ट खूप आवडला!"

"कुणी सांगितली होती?" ताईंनी विचारलं.

"केतकीमावशीने."

मी पोळी उलटली.

रात्री आईला पत्र लिहायला घेतलं. 'आई, मला केतकीचा फार हेवा वाटतो.' एवढं लिहिलं आणि आठवलं, हे आधी कुसुमकाकू वाचणार. कागद फाडला. दुसऱ्यावर मनोरा, नदी आणि थालीपिठांबद्दल लिहिलं.